गिटार काय विकण्यासाठी घेतात?

कॅलिफोर्नियातल्या कीसल कंपनीची गिटार मागवायचा विषय कोणी काढला, की गिटारवाल्यांच्या घोळक्यातून एक उत्तर हमखास येतं. घे बाबा, पण विकायला काढशील तेव्हा रडशील. पाठोपाठ दुसरा सांगतो की ही सगळी रंगीबेरंगी लाकडाची हौस आहे, आवाजात काही नाही. तिसऱ्याच्या मते या नावाला परंपरा नाही. चौथ्याच्या मते ती खरी कस्टमसुद्धा नाही, मशीनवर कापलेली आहे. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं: एवढ्या पैशांत सरळ फेंडर किंवा गिब्सन घ्यावी.

मला या एकमताशी भांडायचं आहे. कीसलमध्ये दोष नाहीत म्हणून नव्हे. दोष आहेत, आणि त्यातला एक चांगलाच मोठा आहे. पण तो या चौघांपैकी एकाच्याही तोंडी येत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गिटार एरवीसारखी दुकानाच्या भिंतीवरून उतरवून, वाजवून घ्यायची नसते. आधी मॉडेल निवडायचं, मग बॉडीचं लाकूड, वरचा पातळ देखणा थर, नेक, फ्रेट, पिकअप, रंग असं एकेक सांगत जायचं, पैसे भरायचे आणि काही आठवडे, कधी काही महिने वाट बघायची. मग कारखान्यातून खोका थेट घरी. मधे दुकानदार नाही. त्याचा नफा नाही म्हणून तेवढ्याच किमतीत जास्त माल मिळतो, हा कंपनीचा दावा. तो मला पटतो. दुकानदार नाही म्हणजे वाजवून बघायची सोयही नाही, हे त्या दाव्याचं न सांगितलेलं दुसरं अंग.

आता पहिला आरोप, विक्रीचा. सेकंडहँड बाजारात या गिटारचा भाव पडतो हे खरं आहे, त्यावर वाद नाही. पण का पडतो? तुम्ही स्वतःसाठी जांभळ्या रंगाची, सात तारांची, हेडस्टॉक नसलेली गिटार बनवून घेतलीत. ती विकत घेणाऱ्याला जांभळा रंगही आवडायला हवा, सातवी तारही हवी असायला हवी आणि बिनडोक्याची गिटार हातात धरायला लाजही वाटता कामा नये. अशी माणसं मुळात मोजकी. त्यातून जो सापडेल तो म्हणणार, थोडे पैसे अजून घातले तर कंपनी मला माझ्याच पसंतीची नवीकोरी बनवून देते, मग तुमची पसंती मी का घेऊ? भाव उतरवल्याशिवाय तो हात पुढे करत नाही. शिवाय भाव टिकवून धरायला ज्यांचा माल त्यात अडकलेला आहे असे दुकानदारही नाहीत. ही तिन्ही कारणं नीट पाहा. नेक सरळ आहे का, फ्रेट नीट बसवलेत का, सूर लागतो आणि टिकतो का, यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नाही. पडलेला भाव तुमची आवड किती लोकांना आहे एवढंच सांगतो. वाद्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आणि गंमत अशी, की हेच लोक पुढच्याच वाक्यात सल्ला देतात: नवी घेऊ नकोस, वापरलेली घे, निम्म्या किमतीत झकास गिटार मिळते. म्हणजे गिटार झकास आहे हे मान्य! मग आरोप नक्की कुणावर होता?

विक्रीचा भाव हाच गुणवत्तेचा पुरावा मानायचा, तर गिब्सनचाच इतिहास अडचणीत येतो. 1952 साली आलेल्या लेस पॉलच्या 1958 ते 1960 मधल्या सनबर्स्ट रूपासाठी आज संग्राहक लाखो डॉलर मोजतात. त्या काळात मात्र ती खपेना. इतकी खपेना, की 1961 मध्ये कंपनीने तो आकारच बंद केला आणि तिच्या जागी दोन शिंगांची, पातळ अंगाची नवी गिटार आणली, जिला पुढे एसजी म्हणू लागले. जुना आकार परत आला तो 1968 मध्ये, मधल्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्यांनी जुन्या लेस पॉल शोधून शोधून वाजवायला घेतल्यावर. 1961 साली ‘विकायला गेलास तर रडशील’ म्हणणारा सल्लागार अगदी बरोबर ठरला असता, आणि त्याचं ऐकणाऱ्याच्या हातून त्या शतकातल्या सर्वांत मोलाच्या विद्युत गिटारपैकी एक निसटली असती. लाकूड तेच, पिकअप तेच, बदलला फक्त बाजार.

परंपरेचा मुद्दा तर बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. लोवेल कीसल या हवाईयन स्टील गिटार वाजवणाऱ्या माणसाने लॉस एंजेलिसमध्ये पिकअप बनवायला सुरुवात केली ती 1946 मध्ये. लिओ फेंडरने आपल्या नावाची वाद्यकंपनी त्याच भागात, फुलर्टनला, उभी केली तीही 1946 मध्येच. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो आणि ज्याला ‘कालचं पोर’ म्हणतो, त्या दोघांचं जन्मवर्ष एकच. फरक पडला तो नावामुळे. लोवेलने लवकरच धंद्याला कार्सन आणि गॅव्हिन या आपल्या दोन मुलांच्या नावांतून जुळवलेलं ‘कार्विन’ हे नाव दिलं, आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं गिटारवर तेच राहिलं. कॅटलॉग छापायचा, टपालाने पाठवायचा, ऑर्डर टपालाने घ्यायची, हा त्यांचा धंदा. 2015 मध्ये घराण्यातच वाटणी झाली, अॅम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणेकडे कार्विन नाव गेलं आणि गिटारच्या शाखेने आजोबांचं आडनाव परत घेतलं. हेडस्टॉकवरचं नाव नवं दिसतं म्हणून कारखाना नवा समजणं हा वाचनाचा आळस आहे, दुसरं काही नाही.

वाजवणाऱ्यांची परंपरा म्हणाल, तर एक नाव पुरे: अॅलन होल्ड्सवर्थ. ब्रॅडफर्डचा हा इंग्रज, पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला. गिटारवर त्याच्यासारखा प्रवाही, सॅक्सोफोनच्या दमाने जाणारा हात त्याच्याआधी कोणी ऐकला नव्हता. वाद्याच्या बाबतीत हा माणूस कधीच समाधानी नसे. स्टाइनबर्गरची हेडस्टॉक नसलेली गिटार, कारागिरांकडून खास बनवून घेतलेल्या लांब नेकच्या गिटार, सिंथअॅक्ससारखं विचित्र यंत्र, सगळं त्याने वाजवून पाहिलं. त्याच्या नावाची मॉडेलं कार्विनने 1990च्या दशकापासून काढली, बॉडी आतून पोकळ करून, वजनाला हलकी. पुढे बिनहेडस्टॉकचीही आली. 2017 मध्ये तो गेला तेव्हाही हा संबंध टिकून होता. होल्ड्सवर्थला आपल्याला काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं, आणि ते दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं नव्हतं. कस्टम ऑर्डरच्या बाजूने यापेक्षा चांगला साक्षीदार मला सापडत नाही.

मशीनवर कापलेली आहे म्हणून खरी कस्टम नाही, या आरोपावर मी फार वेळ घालवणार नाही. संगणकावर चालणारं कटिंग मशीन आज मोठमोठ्या सगळ्याच कारखान्यांत आहे, पॉल रीड स्मिथच्या कारखान्यातही. आणि ज्याच्या नावाने हाताच्या कारागिरीचे गोडवे गायले जातात तो लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. त्याने नेक बॉडीला स्क्रूने जोडला तो कलेसाठी नव्हे. भाग वेगवेगळे बनवून पटापट जोडता यावेत आणि नेक बिघडला तर दुसरा लावता यावा, म्हणून. विद्युत गिटार जन्मापासूनच कारखान्याचं अपत्य आहे. हो, कीसलला संपूर्ण कस्टम म्हणणं अतिशयोक्ती होईल, कारण आकार त्यांचे ठरलेले असतात आणि तुम्ही त्यातले पर्याय निवडता. स्वतःच्या कल्पनेतला आकार हवा असेल तर एकट्याने काम करणारा कारागीर गाठावा आणि दोन-तीनपट पैसे तयार ठेवावेत.

लाकडाबद्दल मात्र मी आरोप करणाऱ्यांच्या बाजूला थोडा सरकतो. कारण इथे कीसलचे भक्तच जास्त घोळ घालतात. वरच्या थराला लाटांसारखी नक्षी असलेलं मेपल लावलं की आवाजाला ‘चमक’ येते, अमुक लाकूड ‘उबदार’, तमुक लाकूड ‘घट्ट’ असं ते शपथेवर सांगतात. विद्युत गिटारचा आवाज कुठून येतो ते आधी पाहू या. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते, चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते, ती अॅम्पकडे जाते. पिकअपला मायक्रोफोनसारखं हवेतलं काही ऐकू येत नाही, त्याला तार कळते. तार कशी थरथरते यावर लाकडाचा काही परिणाम होतच नसेल असं मी म्हणत नाही, पण काही मिलिमीटर जाडीचा शोभेचा थर त्यात काय दिवे लावणार?

जिथे लाकडाचा खरोखर संबंध येतो त्या अकूस्टिक गिटारवरसुद्धा इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला, जो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच आराखड्याच्या सहा गिटार बनवून घेतल्या, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव, महोगनी, मेपल, सॅपेली आणि अक्रोड. 52 गिटारवादकांना मंद उजेडाच्या खोलीत, वेल्डिंगवाल्याचे गॉगल लावून त्या वाजवायला दिल्या. सहाही गिटारना मिळालेले गुण जवळजवळ सारखे. सोन्याच्या भावाची ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्तातली सॅपेली यांच्यात डोळे झाकल्यावर फरक उरला नाही. 2017 मध्ये रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधनं आल्यावर फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच गिटारच्या फ्रेटबोर्डसाठी पाउ फेरो हे दुसरं लाकूड घेतलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता. ध्वनिमुद्रण ऐकून कोणती कुठली ते ओळखून दाखवा, एवढंच माझं त्या गहजबवाल्यांना सांगणं आहे.

म्हणून नक्षीदार लाकडाला दिलेले पैसे डोळ्यांसाठी दिलेत असं सरळ म्हणावं. डोळ्यांसाठी पैसे देणं काही गुन्हा नव्हे. जी गिटार बघून हातात घ्यावीशी वाटते ती जास्त वाजते, हेही मी पाहिलंय. फक्त त्याला आवाजाचं तत्त्वज्ञान चिकटवू नका.

आता तो मोठा दोष, जो आरोपपत्रात नाहीच. कस्टम ऑर्डरमध्ये ग्राहकाला कारागिराच्या खुर्चीत बसवलं जातं, आणि बहुतेक ग्राहकांना ते काम येत नाही.

आपल्याकडे मिरजेत दीड शतकाहून अधिक काळ तंबोरे आणि सतारी ऑर्डरीनेच बनतात. 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तंबोरा सांगायला गेलेला गवई काय सांगतो? आपली पट्टी सांगतो. बाईचा गळा की पुरुषाचा, कुठल्या सुरात लावायचा, बैठकीसाठी की प्रवासासाठी. भोपळा किती मोठा, तुणीचं लाकूड कुठलं, दांडी किती जाड, हे सतारमेकर ठरवतो. आणि शेवटी जवारी काढताना तो घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, आणि गवई समोर असला तर त्याच्या चेहऱ्याकडेही बघतो. गवयाने गरज सांगायची, वाद्याचा निर्णय कारागिराने घ्यायचा, अशी ती वाटणी.

कीसलच्या फॉर्मवर ही वाटणी उलटी होते. तुमची पट्टी, तुमचा हात, तुम्ही काय वाजवता हे कुणी विचारत नाही. विचारतात ते लाकूड, रंग, फिनिश, लोगो. त्या यादीत हाताला जाणवणाऱ्या गोष्टीही आहेत हे मान्य केलं पाहिजे: फ्रेटबोर्डची गोलाई, फ्रेटची उंची, नेकची जाडी, तारेची लांबी. पण या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. ज्याने आयुष्यात दोनच गिटार वाजवल्या त्याला बारा इंच गोलाई आणि वीस इंच गोलाई यांतला फरक कसा कळणार? वीस इंचाची पाटी जवळजवळ सपाट असते, वेगाने सुरावली वाजवणाऱ्याला ती सोयीची, तर अंगठा वरून आणून कॉर्ड धरणाऱ्याला अडचणीची. असले निर्णय तो अंदाजाने उरकतो, आणि मग बॉडी निळी की जांभळी यावर आठवडा घालवतो. गिटार येते ती अगदी मागितल्याप्रमाणे. दोष तिच्यात नसतो, मागण्यात असतो. आणि मग तो ती विकायला काढतो! सेकंडहँड बाजारात या गिटार एवढ्या का दिसतात, याचं उत्तर मला इथे दिसतं.

कंपनीने याचा फायदा घेतला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटत नाही. कार्विनच्या काळापासून गिटार दहा दिवस वाजवून पाहून परत करायची मुभा असे, पण नेहमीच्या पर्यायांपलीकडचं काही मागितलं की ती मुभा उरत नसे. व्यापार म्हणून हे समजण्यासारखं आहे, कुणाची तरी जांभळी गिटार परत घेऊन ते काय करणार? पण ज्याला परतीची सर्वांत जास्त गरज, तो हौसेने सर्वांत जास्त वेगळं मागणारा, त्याच्याच हातून ती जाते. आज नियम काय आहेत ते पैसे भरण्याआधी ज्याने त्याने वाचावेत, रंगांचे नमुने बघण्याआधी.

मग ही ऑर्डर द्यावी कुणी? ज्याच्या हाताची गरज बाजार भागवतच नाही त्याने. डावखुऱ्यांचा विचार करा. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची फेंडर स्ट्रॅट उलटी करून वाजवायचा, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण त्यामागे डावखुऱ्यासाठी बाजारात फारसं काही नसे हे कारणही होतं. आजही पुण्या-मुंबईच्या दुकानात डावखुऱ्या मुलाला दोन-तीन काळ्या-पांढऱ्या मॉडेलांतून निवड करावी लागते, तीही मिळाली तर. कीसल बहुतेक मॉडेलं डाव्या हाताची बनवून देते. त्या मुलाला रीसेलचं गणित सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे, कारण त्याच्या कुठल्याच गिटारला गिऱ्हाईक पटकन मिळणार नसतं, फेंडरलाही नाही. सात-आठ तारांवर खालच्या सुरात वाजवणारे, जाड तारांसाठी तिरप्या फ्रेटची वेगवेगळ्या लांबीची मांडणी हवी असलेले, पाठदुखीमुळे हलकी गिटार शोधणारे, हेही याच रांगेतले. त्यांना काय हवं ते त्यांना माहीत आहे, कारण जे नको ते वाजवून झालेलं आहे. पहिली गिटार घेणाऱ्याने मात्र इकडे फिरकूसुद्धा नये. त्याने दुकानात जाऊन दहा नेक हातात घ्यावेत.

महाराष्ट्रात बसून विचार करणाऱ्याचं गणित अमेरिकेतल्यापेक्षा निराळं आहे, हे दोन्ही पक्ष विसरतात. सॅन होजेत किंवा न्यू जर्सीत भाऊ-बहीण असलेल्यांच्या गिटार त्यांच्या सामानातून येतात. बाकीच्यांना विमानभाडं, सीमाशुल्क आणि कर मोजावे लागतात, आणि मूळ किमतीतलं स्वस्तपण तिथेच संपतं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट. नेहमीचे फ्रेट तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाचे असतात, आणि मुंबईची खारी हवा आणि घामेजलेली बोटं यांनी ते हिरवट, खरखरीत व्हायला वेळ लागत नाही. स्टीलचे फ्रेट गंजत नाहीत आणि झिजतही फारच सावकाश. ज्या किमतीत कीसल ते देते त्या किमतीत मोठ्या नावांकडे ते सहसा मिळत नाहीत.

उलट बाजू पावसाळ्याची. कीसलचा कारखाना जिथे आहे त्या कॅलिफोर्नियातल्या एस्कॉन्डिडोच्या कोरड्या हवेत बनलेला नेक जुलैच्या कोकणात येतो तेव्हा ओलावा पिऊन हलणारच. नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी फिरवून तो सरळ करता येतो, ते काम इथला कुठलाही जाणता सेटअपवाला करेल. पण नेक पिळला, तर ट्रस रॉड उपयोगाचा नाही आणि कॅलिफोर्नियाला परत पाठवण्याचा खर्च हमीच्या कागदावर कुठे भरून निघत नाही. म्हणून इथून मागवणाऱ्याला माझा सल्ला त्यांच्या सर्वांत देखण्या गिटारच्या विरोधात जातो. नेक बॉडीतून आरपार गेलेली ती नेक-थ्रू गिटार, जिच्यासाठी कंपनी प्रसिद्ध आहे, वरच्या फ्रेटपर्यंत हात अलगद नेते हे खरं. पण तिचा नेक बिघडला तर गिटारच बिघडली. त्यांच्याकडे स्क्रूने जोडलेल्या नेकची मॉडेलंही आहेत. कोकणात, मुंबईत राहणाऱ्याने तीच घ्यावीत. वेळ आलीच तर नेक तेवढा सोडवून खोक्यात घालून पाठवता येतो.